सहकुटुंब, सहपरिवार, बार्बाडोस

भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला बार्बाडोसमध्ये शिरायला व्हिसा लागत नाही. हे मी स्वतः शोधून काढलं, सिंगापूरला, तुआसमधल्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये बसून, समोरचा भात थंड होऊ देऊन. आमच्या निळ्या पासपोर्टला जगात कुणीतरी नुसतं ‘या’ म्हणतंय, हे वाचून मला इतकं भरून आलं की पुढची ओळ मी वाचलीच नाही. पुढच्या ओळीत, तिथवर पोचायचं कसं ते लिहिलं होतं.

बार्बाडोस हे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट. आमच्या पिढीला त्याचं नाव ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. तिकडून उंचच उंच गोलंदाज यायचे आणि आपल्या फलंदाजांच्या बरगड्या शेकून परत जायचे. अशा ठिकाणी सुट्टीला जावं असं माझ्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही आलं नसतं. ते आलं सविताच्या मनात.

सविता माझी बायको. ती बँकेत आहे. आमची एकुलती एक इरा शिकायला मेलबर्नला गेली. तिला सोडून आलो त्या संध्याकाळी मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच जेवायला बसलो. मी म्हणालो, आमटी छान झालीय. ती म्हणाली, कालचीच आहे. त्यानंतर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग तिने विचारलं, आपण दोघं शेवटचं कधी बोललो? मी म्हणालो, सकाळीच की, एअरकॉन साफ करणाऱ्या माणसाबद्दल. ते तिने धरलं नाही.

“निशी, मला सुट्टीवर जायचंय,” ती म्हणाली. “कुणाच्या घरी नाही. जिथे आपल्या ओळखीचं कुणी नाही आणि भेटणारही नाही, अशा ठिकाणी. तू आणि मी. इरा नसताना आपल्याकडे एकमेकांशी बोलायला काही उरलंय का, ते मला बघायचंय. नसलं तर तेही एकदा कळू दे.”

शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला जेवताना असं काही ऐकवू नये. पण तिच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. सिंगापूरला आल्यापासून आमची प्रत्येक सुट्टी पुण्याला गेली. सुट्टी म्हणजे कुणाचं तरी लग्न, कुणाची मुंज, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि मधल्या वेळात नातेवाइकांच्या घरी जाऊन नको असलेला चहा पिणं. मी बाली सुचवलं. ती म्हणाली, बालीत सकाळच्या नाश्त्याला कोथरूडची तीन कुटुंबं असतात आणि त्यातलं एक आपल्या लांबच्या नात्यात निघतं. फुकेतचंही तेच. मग तिने इराचा शाळेतला पृथ्वीचा गोल माळ्यावरून काढला, एक बोट सिंगापूरवर ठेवलं आणि दुसरं गोलाच्या पार मागे नेलं. ते जरा वर सरकवलं तर समुद्र आणि त्यात ठिपके. त्यातला एक ठिपका बार्बाडोस.

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे माझ्या मनापासूनपणाबद्दल घरात शंका घेतली गेली. सविताने भराभर कामं उरकली. लंडनमार्गे दोन तिकिटं काढली. समुद्राला लागून चार खोल्यांचं एक छोटं गेस्ट हाउस धरलं. ते एक बाई चालवायच्या. माझ्याकडे दोनच कामं ठेवली. माझ्या पासपोर्टला काय लागतं ते बघायचं, आणि परत येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

आता, दुसरं काम पहिल्यापेक्षा सोपं आहे असं ज्याला वाटेल तो माणूस मराठी नव्हे. आमच्यात सीलिंग फॅन घ्यायचा झाला तरी चार जणांना विचारतात. चौघे चार वेगवेगळ्या कंपन्या सांगतात, आणि मग आपण पाचवी घेतो. पण विचारल्याशिवाय घेतलेल्या पंख्याचा वारा अंगाला लागत नाही. मी तर पृथ्वीच्या पाठीमागे चाललो होतो. मी फक्त एकाच माणसाला विचारलं, आणि तेही फक्त प्रवासाच्या विम्याबद्दल. याला कुणी सांगणं म्हणत असेल तर माझा नाइलाज आहे.

तो माणूस म्हणजे चंद्रशेखर. आमच्यापासून दोन ब्लॉक सोडून राहतो, अकाउंटंट आहे, मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर इतकी वर्षं आहे की मंडळ आधी की तो आधी हे नव्या लोकांना कळत नाही. शिवाय तो सविताचा मानलेला भाऊ. आम्ही नवे होतो तेव्हा पहिल्या भाऊबिजेला सविता सांगलीच्या भावाच्या आठवणीने रडत बसली होती. हा दिवाळीचा फराळ द्यायला आला आणि सरळ पाटावर बसला. तेव्हापासून दरवर्षी ती त्याला ओवाळते. सविताची त्याच्यावर खरीखुरी माया आहे, आणि मला तो ‘मेहुणे’ म्हणतो.

रविवारी सकाळी आम्ही ईस्ट कोस्ट पार्कला समुद्राच्या कडेने चालायला जातो. मी सहज म्हणालो, एक मित्र लांबच्या प्रवासाला चाललाय, त्याने कुठला विमा घ्यावा? चंद्रशेखरने विचारलं, मित्र कुठे चाललाय? मी म्हणालो, बार्बाडोसला. त्याने विचारलं, मित्राची बायको तयार झाली एवढ्या लांब यायला? मी म्हणालो, तिचीच तर कल्पना. चंद्रशेखर थांबला. सविताला समुद्र एवढा आवडतो हे मला माहीत नव्हतं, असं म्हणाला. मग समोर नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटींकडे बघून त्याने, समुद्र तर इथेही आहे, त्यासाठी एवढे पैसे कशाला, या विषयावर बरंच सांगितलं. आणि हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, “मग आम्हीही येतो. संजीवनी कधीची मागे लागलीय लांब कुठेतरी जाऊ म्हणून. तुम्हालाही तेवढीच सोबत.”

इथे माणसाने नाही म्हणायचं असतं, हे मला कळतं. मी काही दुधखुळा नाही. तुआसला चाळीस माणसं माझ्या हाताखाली आहेत आणि त्यांना मी दिवसातून दहा वेळा नाही म्हणतो. पण ज्याच्या घरचं श्रीखंड आपण दर पाडव्याला खातो त्याला नाही म्हणायचं कसं? भीड भिकेची बहीण हे मलाही पाठ आहे. पण नुसतं पाठ असून ती सुटत नाही. माझ्या तोंडून निघालं, “अरे वा.” शिवाय माझा एक हिशेब होता. आपल्याकडे लोक उत्साहाने हो म्हणतात आणि आयत्या वेळी कुणाची तरी मुंज निघते, मग आपोआप सगळं रद्द होतं, कुणालाच वाईटपणा येत नाही. मी त्या मुंजीच्या भरवशावर होतो.

मुंज काही निघाली नाही. निघाले विश्वास आणि कादंबरी. हे आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. चंद्रशेखरच्या बायकोने, संजीवनीने, कादंबरीला सांगितलं, कादंबरीने तिच्या बहिणीला, आणि विश्वासने ऑफिसमधल्या एका तरुण इंजिनिअरला. तो आंग मो किओहून बायको, लहान मूल आणि नाशिकहून आलेल्या आईसकट सामील झाला. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात. इथे घोड्यामागून त्याचं बिऱ्हाडही आलं. व्हॉट्सअॅपवर ‘चलो बार्बाडोस’ नावाचा ग्रूप निघाला. सविताला त्यात घेऊ नका, असं मी कसंबसं सुचवलं. का, असं विचारल्यावर घाईत म्हणालो की तिला सरप्राइज द्यायचंय. ही कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की दोन बायकांनी डोळे पुसल्याची चित्रं पाठवली.

मग बेत ठरू लागले. सविताने धरलेलं गेस्ट हाउस दोन मिनिटांत निकालात निघालं, कारण तिथे स्वयंपाकघर पाहुण्यांना देत नाहीत. विश्वासने सर्वसमावेशक रिसॉर्ट काढलं. त्यावर चंद्रशेखरने आक्षेप घेतला की त्या भाड्यात दिवसभराची रम धरलेली असते, आपल्यातले निम्मे पीत नाहीत, म्हणजे परक्या लोकांच्या दारूचे पैसे आपण भरायचे. विश्वास म्हणाला, मग मी चार जणांची पितो. हा वाद आठवडाभर चालला. शेवटी एक मोठा बंगला भाड्याने घ्यायचं ठरलं. राइस कुकर दोन न्यायचे, भाजणी आणि मेतकूट संजीवनीकडे, लोणचं कादंबरीकडे, आणि ज्या देशात मासे इतके स्वस्त मिळतात तिथे मी, जातिवंत मासेखाऊ माणूस, सात दिवस थालीपीठ खाणार. बंगल्याला मोठ्या खोल्या दोनच होत्या. संजीवनीने तोडगा काढला की एका खोलीत बायका आणि दुसऱ्या खोलीत पुरुष, म्हणजे गप्पा रंगतात. सगळ्यांनी अंगठे दाखवले. माझाही अंगठा त्यात आहे, तो नंतर मला दाखवण्यात आला.

इराला मात्र मी फोनवर सांगून टाकलं, कारण मनावर फार ओझं झालं होतं. ती म्हणाली, “बाबा, यू टोल्ड शेखरमामा, आह? आलामाक. आई वॉन्टेड जस्ट यू, लाह. जस्ट टेल देम नो.” आलामाक म्हणजे इथलं ‘अरे देवा’. पोरीला मराठी समजतं, पण नाही म्हणणं म्हणजे काय असतं ते तिला इथल्या शाळेत कुणी शिकवलं नाही. मी विषय बदलून तिला जेवणाचं विचारलं.

सरप्राइज फुटलं लिफ्टमध्ये. सविता बँकेतून येत होती, कादंबरी भाजी घेऊन. कादंबरीने विचारलं, सविता, तुझ्याकडे इडलीचं मोठं भांडं आहे ना, ते तू घेशील का, की तिकडे बंगल्यात मिळेल? सविताला वाटलं गणपतीचा काही कार्यक्रम आहे. कुठला बंगला, असं तिने विचारलं. त्यावर कादंबरीने जीभ चावली, आणि मग एकदा चावलीच आहे तर म्हणून सगळं सांगून टाकलं.

मी सोफ्यावर होतो. सविता समोर येऊन बसली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसाला ‘आधी शांत हो’ असं म्हणता येतं.

“तू त्यांना नाही म्हणालास का?” तिने विचारलं.

मी म्हणालो, तशी वेळच आली नाही.

“मी तुझ्याकडे काय मागितलं होतं, आठवतंय?”

“अगं, तिथे आपण दोघं फिरायला बाजूला जाऊच की,” मी म्हणालो. “आणि ते काय परके आहेत का? शेखर तर तुझाच भाऊ.”

“माझा भाऊ मला हवाय. भाऊबिजेला हवाय, आजारपणात हवाय. पण या वेळी मला नवरा हवा होता.” ती उठली. “जा आणि सांग त्यांना. तुला जमत नसेल तर मी सांगते. पण तू सांगावंस असं मला वाटतं.”

वाक्य ऐकून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मी तसाच चपला घालून चंद्रशेखरकडे गेलो. वाटेत दोन ब्लॉकच्या मधल्या पॅसेजमध्ये मी वाक्यं जुळवली. शेखर, राग मानू नकोस, पण आम्हाला दोघांनाच जायचंय. एवढंच. यात कठीण शब्द एकही नाही. दार संजीवनीने उघडलं. तिच्या हाताला पीठ होतं. मी आलो ते फार बरं झालं म्हणाली, चकल्या प्रवासात टिकतात की नाही ते बघायला पहिला घाणा आत्ताच काढलाय. चंद्रशेखर जमिनीवर नकाशा पसरून बसला होता. नाशिकच्या आजीही तिथेच होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, तुमच्यामुळे या वयात मी समुद्रापलीकडचं बेट बघणार, माझे यजमान गेल्यापासून मी कुठे हौस म्हणून गेले नव्हते. आता सांगा, इथे ते वाक्य कुणी उच्चारावं? मी घसा साफ केला. चंद्रशेखरला वाटलं मी भाषण करणार. तो म्हणाला, आधी मी बोलतो, आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवून जाहीर केलं की या सहलीचा पुढारी मीच असायला हवा, कारण मूळ कल्पना माझी. टाळ्या झाल्या. तासाभराने मी घरी आलो तेव्हा हातात चकल्यांचा डबा आणि गळ्यात पुढारीपण होतं.

सविताने डब्याकडे बघितलं. म्हणालास का, असं विचारलं. मी म्हणालो, विषय काढला होता, पण ते फार खूश आहेत गं. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिने या सहलीबद्दल मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मी त्याचा अर्थ, राग निवळला, असा लावला. पुरुषाला असा अर्थ लावायची सोय असते.

पुढारी म्हणून पहिलं काम माझ्या वाट्याला आलं ते व्हिसाचं. तेव्हा मी ती पुढची ओळ वाचली. बार्बाडोसला व्हिसा नको, पण वाटेत लंडनला एका विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानतळावरून पुढचं विमान पकडायचं होतं, आणि त्या तेवढ्या टॅक्सीप्रवासासाठी भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा लागतो. म्हणजे जिथे जायचं तिथले लोक दार उघडून उभे, आणि जिथे जायचंच नाही तिथे आपण राहणार नाही हे पटवून द्यायचं. बँकेचे कागद, कंपनीचं पत्र, बोटांचे ठसे. कंपनीत पत्र मागायला गेलो तर तिथल्या बाईंनी विचारलं, लंडनला काय काम आहे? म्हटलं, काही नाही. त्यांनी तसंच लिहून दिलं.

सविताला यातलं काहीच करायचं नव्हतं. तिने काही वर्षांपूर्वीच सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं होतं. तिचा लाल पासपोर्ट कुठल्याही दारातून आत जातो. आमच्यातल्या पुष्कळ घरांत अशी वाटणी असते. एकाने इथलं व्हायचं, एकाने तिथलं राहायचं. मी निळा ठेवला तो मातृभूमीच्या प्रेमाने. मंडळाच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात मी त्यावर दोनदा बोललोही आहे. शिवाय नाशिकजवळ वडिलांचा एक प्लॉट आहे. त्यावर सध्या शेजाऱ्याची म्हैस बांधलेली असते.

सगळ्यांचे अर्ज मी भरायला घेतले. त्यात एक प्रश्न होता की सोबत कोण येतंय आणि त्यांचं तुमच्याशी नातं काय. मी ‘मित्र’ लिहिणार होतो. चंद्रशेखरने माझा हात धरला. त्याचं म्हणणं, दहा परक्या आडनावांची माणसं एकत्र चाललीत म्हटल्यावर कुणालाही संशय येईल, कुटुंब म्हटलं की विश्वास बसतो. आणि यात खोटं काय आहे? सविता मला ओवाळते की नाही? मग मी तुझा सख्खा मेहुणा. विश्वास मला काका म्हणतो, मग तो पुतण्या. कादंबरी ओघानेच सून. नाशिकच्या आजी सगळ्यांच्याच आजी. सांगताना त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मलाही ते पटलं. परदेशात एवढी वर्षं आम्ही एकमेकांची बारशी, बाळंतपणं, दुखणी काढली. ते नातं नाही तर काय? मी भराभर लिहीत गेलो. ब्राह्मण, मराठा, सीकेपी आणि एक लिंगायत, असं ते कुटुंब झालं.

थोड्या दिवसांनी अगदी सभ्य भाषेत विचारणा आली की या नात्यांचा पुरावा द्यावा. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, असं काहीही चालेल. मी घाबरलो. चंद्रशेखर मुळीच घाबरला नाही. त्याने भाऊबिजेचे फोटो काढले. दरवर्षीचे. पाटावर बसलेला चंद्रशेखर, डोक्यावर टोपी, समोर तबक घेतलेली सविता. पहिल्या फोटोत त्याचे केस काळे, शेवटच्यात टोपीच तेवढी काळी. त्याखाली त्याने इंग्रजीत एक टिपण जोडलं, की हा विधी फक्त बहीणच करू शकते आणि यमानेही त्याला मान्यता दिलेली आहे. मी ते पाठवलं. पुढारी मीच होतो.

नकार आला तो सगळ्यांना एकदमच आला. नात्याबद्दल दिलेली माहिती खरी नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. त्यांच्याकडे यमाचा दाखला थोडाच धरतात? पण चंद्रशेखरला ते फार लागलं. मी ते पत्र त्याला दाखवलं तेव्हा त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, “म्हणजे मी सविताचा कुणी नाही, असं लिहिलंय का यात?” त्या क्षणी मला त्याची दया आली, आणि माझी त्याहून जास्त आली. आता पुढच्या कुठल्याही देशाच्या अर्जात, कधी तुम्हाला व्हिसा नाकारला होता का, या प्रश्नापुढे मला आयुष्यभर हो लिहायचं आहे, आणि का, याचं उत्तर भाऊबिजेपासून सुरू करायचं आहे.

तरी खरं सांगतो, घरी जाताना मला आतून सुटल्यासारखंही वाटलं. मुंज निघाली नाही, पण नकार तर आला! कुणाला वाईटपणा न येता सगळं रद्द झालं होतं. मी सविताला म्हणालो, चला, संपली कटकट. आता पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ, आणि या वेळी कुणाला म्हणून सांगायचं नाही.

सविता कपड्यांच्या घड्या घालत होती. ते कपडे कपाटात न जाता बॅगेत चालले होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

“माझं तिकीट आहे,” ती म्हणाली. “गेस्ट हाउसही मी सोडलं नव्हतं.”

“एकटी जाणार?”

“इरा गेल्यापासून मी इथे काय करतेय, निशी?”

मी म्हणालो, लोक काय म्हणतील? हे वाक्य मी बोलायला नको होतं असं इराचं म्हणणं आहे. पण मला त्या वेळी तेच सुचलं. सविताने फक्त माझ्याकडे बघितलं आणि घडी घालत राहिली. मला तिला, जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं. एवढ्या गडबडीत पहिल्यांदाच मला कुणाला तरी मनापासून नाही म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं ते असं, की जाकीट घे, विमानात थंडी वाजते.

लोक काय म्हणतील याची चिंता फुकट गेली. लोक तिला पोचवायला चांगीवर आले. सगळेच्या सगळे. संजीवनीने विमानतळावर तिची ओटी भरली. नारळ सुरक्षा तपासणीत नेता येईल की नाही यावर विश्वासने तिथल्या एका अधिकाऱ्याशी चर्चा केली. चंद्रशेखर तिला बाजूला घेऊन म्हणाला, जपून जा, काही लागलं तर मला फोन कर, कागदावर नसलो म्हणून काय झालं. सविता त्याला वाकून नमस्कार करताना रडली. मग ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, फ्रीजमध्ये दोन दिवसांचं आहे. मी ट्रॉली धरून उभा होतो. ती गेली तरी मी ट्रॉली सोडली नाही, म्हणून मागचे लोक खोळंबले.

आता एवढ्या लोकांनी सुट्ट्या घेतलेल्या, चकल्या तळलेल्या. त्या वाया कशा जाऊ द्यायच्या? चंद्रशेखरने शेजारच्या इंडोनेशियातल्या बिंतान बेटाचा बेत काढला. सिंगापूरहून फेरीबोटीने पोचता येतं, व्हिसा तिथल्या धक्क्यावरच देतात, आणि समुद्र तोच, वाळू तीच. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. पण पुढारी असल्यामुळे मला गेलंच पाहिजे होतं. बायका एका खोलीत, पुरुष एका खोलीत. विश्वास घोरतो. नाश्त्याच्या वेळी कोथरूडचं एक कुटुंब भेटलं आणि ते कादंबरीच्या मावशीच्या दिरांपैकी निघालं. त्यांनी मला विचारलं, तुमच्या मिसेस नाही आल्या? संजीवनीने माझ्या वतीने सांगितलं की ती ऑफिसच्या कामाने लांब गेलीय.

तिसऱ्या दिवशी सकाळी सविताचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळ होती. मी उठून वाळूवर लांब गेलो. तिचा आवाज मला आधी ओळखू आला नाही, कारण ती हसत होती. मी विचारलं, दिवसभर करतेस काय? ती म्हणाली, पोहते, वाचते, आणि संध्याकाळी गेस्ट हाउसच्या बाईंबरोबर पायरीवर गप्पा मारत बसते. मी विचारलं, गप्पा कसल्या? ती म्हणाली, कसल्याही. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. एकटी कशी आलीस, नवरा कुठे आहे, असं कुणी विचारलं तर काय सांगतेस?

“अजून कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “इतकं बरं वाटलं.”

लाटांचा आवाज येत होता, पण तो माझ्याकडचा होता की तिच्याकडचा ते कळेना.

“निशी, आल्यावर मला तुझ्याशी बोलायचंय,” ती म्हणाली. “नीट बोलायचंय. काय बोलायचं ते मी इथे ठरवतेय, अजून पुरतं ठरलं नाही. पण जे असेल ते आपल्या दोघांतच व्हायला हवं. मी येईन त्या दिवशी घरी कुणी नको. एवढं करशील?”

मी म्हणालो, करीन. छातीवर हात ठेवून सांगतो, मी ते मनापासून म्हणालो. तिने विमान कधी उतरतं ते सांगितलं आणि फोन ठेवला. मला भीती वाटत होती. पण बायको आपल्याशी बोलणार आहे, हेही थोडंथोडकं नव्हतं, आणि त्या भीतीतही मला बरं वाटलं.

मागे वळलो तर चंद्रशेखर उभा होता. विजार गुडघ्यापर्यंत वर केलेली, हातात माझ्यासाठी चहा. सविताचा होता ना, म्हणाला. कशी आहे, जेवते का वेळेवर? मी म्हणालो, मजेत आहे. त्याचा चेहरा उजळला. त्याला त्या पत्राचं अजून वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. तो म्हणाला, पोर एवढ्या लांबून एकटी येणार, घरी आल्यावर रिकामं घर नको. आम्ही सगळे चांगीवर येतो. संजीवनी तुमच्याकडेच स्वयंपाक करून ठेवेल, पुरणपोळी करू, तिला आवडते. चालेल ना, मेहुणे?

मी तोंड उघडलं. शब्द सगळे तयार होते. चंद्रशेखर चहाचा कप पुढे धरून, मान जरा वाकडी करून, वाट बघत होता.

मी त्याला विमानाची वेळ सांगितली.